बो थ्रस्टर नुसताच ओरडतोय? या चुका टाळा

ग्रीस-क्रोएशियातल्या छोट्या बंदरांत बोट धक्क्याला आडवी लावत नाहीत. मागचा भाग धक्क्याकडे करून दोन बोटींच्या मधल्या फटीत रिव्हर्समध्ये घालतात. दुपारचा वारा आडवा असला की आधी पुढचं टोक वाहवत जातं, कारण शिडाच्या बोटीचा पुढचा भाग हलका असतो आणि पाण्यात फारसा खोल नसतो. अशा वेळी बो थ्रस्टर खरोखर उपयोगी पडतो. बोटीच्या पुढच्या भागात पाण्याखाली एक आरपार नळी, नळीत छोटा पंखा आणि वर विजेची मोटर. कळ दाबली की टोक डावीकडे किंवा उजवीकडे सरकतं, आणि आवाज बंदरभर जातो.

या आवाजाच्या संकोचाने काही जण थ्रस्टरला हातच लावत नाहीत आणि शेजाऱ्याच्या बोटीवर जाऊन आदळतात. काही जण धक्का येईपर्यंत कळ सोडत नाहीत. माझ्या मते आवाज होणारच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण तो लांबत असेल किंवा रोजच्यापेक्षा वेगळा येत असेल, तर त्याचं कारण शोधलंच पाहिजे.

कळ दाबून धरणं

सर्वांत जास्त होणारी चूक हीच. साध्या, कार्बन ब्रशवाल्या मोटरी तासाला जेमतेम काही मिनिटं चालवण्यासाठी बनवलेल्या असतात. त्यापुढे मोटर तापते, आतला थर्मल स्विच ती बंद करतो आणि गार होईपर्यंत ती पुन्हा सुरू होत नाही. हे घडतं तेही नेमकं बोट अर्ध्या फटीत असताना. आठ-दहा टनांची बोट एकदा वळायला लागली की स्वतःच्या वजनाने वळत राहते. म्हणून एक-दोन सेकंद कळ दाबा, सोडा, टोक कुठे जातंय ते बघा आणि मगच पुढचं ठरवा. वळण थांबवायला उलट बाजूची एक छोटी टिचकी पुरते. पण डावीकडून थेट उजवीकडे कळ फिरवू नका. मध्ये पंखा थांबू द्या, नाहीतर गिअर आणि मोटर-पंखा जोडणाऱ्या कपलिंगची पिन मार खातात.

वेगाचंही तसंच. दोनएक नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वर पुढे जात असताना थ्रस्टर आवाज पूर्ण करतो, पण टोक जवळजवळ हलवत नाही. बोटीच्या अंगावरून वाहणारं पाणी त्याचा झोत मागे वळवतं. आधी वेग कमी करा. रिव्हर्समध्ये सावकाश जाताना मात्र तो छान काम करतो.

वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १० नॉटचा वारा २० झाला की बोटीवरचा दाब चौपट. १५ नॉटमध्ये बोट नीट सांभाळणारा थ्रस्टर २५ मध्ये हरला तर तो बिघडलेला नाही. अशा वेळी दोर वापरा, नाहीतर बाहेर थांबून वारा पडू द्या.

आवाज आहे, जोर नाही

इथे लोक थेट मोटरला दोष देतात. माझा पहिला संशय व्होल्टेजवर असतो. ३ किलोवॉटची मोटर १२ व्होल्टवर जवळजवळ ३०० अँपिअर खेचते. बॅटरी मागे आणि थ्रस्टर पुढे असेल, तर ४० फुटी बोटीत जाऊन-येऊन वीस-पंचवीस मीटर केबल होते. ती बारीक असली किंवा एखादं टर्मिनल हिरवट होऊन सैल पडलं असलं, तर वाटेतच दीड-दोन व्होल्ट जातात आणि जोर एकदम घटतो.

तपासणी सोपी आहे. थ्रस्टर बहुतेक वेळा पुढच्या केबिनमधल्या गादीखाली असतो. फळी उचला, मल्टिमीटर मोटरच्या टर्मिनलवर लावा आणि दुसऱ्याला पाच सेकंद कळ दाबायला सांगा. आकडा साधारण १०.५ च्या खाली गेला तर तसंच बॅटरीवर मोजा. बॅटरीवर १२ आणि मोटरवर साडेनऊ असेल, तर दोष केबलचा किंवा जोडांचा. दोन्हीकडे कमी असेल तर बॅटरी थकलीय. इंजिन चालू ठेवल्याने थोडी मदत होते, पण मेलेली बॅटरी त्याने जिवंत होत नाही.

फळी उचलली की अनेकदा मोटरला टेकवून ठेवलेल्या शिडांच्या पिशव्या आणि लाइफ जॅकेट सापडतात. ते सामान आधी हलवा. तापणाऱ्या मोटरशेजारी ते धोक्याचं आहे, शिवाय सरकताना केबलही ओढतं.

कोणता आवाज काय सांगतो

डब्यात खडी हलवल्यासारखी खडखड आली तर पात्यांजवळ बुडबुडे तयार होऊन फुटताहेत. नळी पाण्याच्या पातळीच्या फार जवळ असली, तिच्या कडा धारदार राहिल्या असल्या किंवा पात्यांवर बार्नकल (चिकटून वाढणारे छोटे कवचाचे जीव) चढले असले की असं होतं. नळीचा वरचा काठ निदान तिच्या अर्ध्या व्यासाइतका पाण्याखाली हवा. कडा घासून गोल करण्याचं काम बोट बाहेर काढलेली असतानाच उरकून घ्या, फरक ऐकू येईल. मुंबईच्या उबदार पाण्यात बुऑयला (नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला) बांधून महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या बोटींच्या नळीत बार्नकल फार लवकर चढतात, कारण तिथे थ्रस्टर क्वचितच चालतो. पंखा आणि नळी अँटिफाउलिंगने (असे जीव चिकटू न देणाऱ्या रंगाने) रंगवा, पण बाकीच्या धातूऐवजी स्वतः गंजणारा झिंकचा अ‍ॅनोड आणि शाफ्टचं सील यांना रंग लावू नका.

मोटर एकदम उंच सुरात फिरतेय आणि टोक हलत नाही, तर पिन तुटली आहे. नुसतं 'टक्' झालं तर सोलेनॉइड (मोटरचा मोठा प्रवाह जोडणारा विजेवरचा स्विच) किंवा बॅटरी बघा. घुरघुर होऊन फ्यूज गेला तर नळीत काहीतरी अडकलंय. बहुधा पाण्यात लोंबणारा आपलाच दोर. मोठा फ्यूज घालून पुन्हा कळ दाबू नका. आणि बोट यार्डात सुकी उभी असताना 'चालतो का बघू' म्हणून थ्रस्टर चालवू नका. पाण्याचा भार नसल्याने पंखा भलत्याच वेगाने फिरतो.

मेन स्विच कुठे आहे?

व्होल्टेज कमी असताना सोलेनॉइडचे संपर्क चिकटू शकतात. मग कळ सोडली तरी थ्रस्टर चालूच राहतो आणि बोट फिरत राहते. ते थांबवायला एकच उपाय: मेन स्विच. तो सामानाखाली दडलेला नको, आणि कप्तानाइतकाच बाकीच्यांनाही तो कुठे आहे ते माहीत हवं. भाड्याची बोट ताब्यात घेताना दाखवणाऱ्याला हा स्विच आधी विचारा, तो फिरवून बघा आणि कोणीही पोहायला पाण्यात उतरण्याआधी तो बंद करा.