रिटायर्ड फौजी मामांना इतिहास लिहायचाय? मग हे करा

आमचे मामा आर्टिलरीतून कर्नल म्हणून रिटायर झाले, घर देवळाली कॅम्पात, आणि एक दिवस म्हणाले आता मी इतिहास लिहिणार. तुमच्याकडे असं कोणी असेल तर आधी त्यांच्या डोक्यातून "आत्मचरित्र" काढा, नाहीतर पहिली पन्नास पानं मेसच्या पार्ट्यांतच जातात (आमची गेली).

सुरुवात मोबाईलवर रेकॉर्डिंगने. एका बैठकीत एकच पोस्टिंग. "तेव्हा काय वाटलं?" असलं विचारू नका, माणूस गप्पच होतो. त्यापेक्षा नकाशा पसरा आणि विचारा तोफा कुठे होत्या, पाणी कुठून यायचं, मग बघा कसे सुटतात.

खरं काम पुढे आहे, पडताळणीचं. मामा छातीठोक सांगायचे की 71 च्या युद्धात शेवटच्या रात्री पिठूर चांदणं होतं. मी जुनं पंचांग काढलं तर 3 डिसेंबरला युद्ध पेटलं तेव्हा नुकतीच पौर्णिमा होऊन गेलेली, आणि 16-17 ला थांबलं तेव्हा अमावस्या. म्हणजे चांदणं खरं पण रात्र चुकलेली! मामा दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी आजीला तेव्हा लिहिलेल्या पत्रांची पेटी आणून ठेवली. तारखेसाठी पोस्टाचा शिक्का बघा, आठवण नको.

जुन्या काळावर लिहायचं असेल तर ग्रँट डफ वाचायला द्या. तोही फौजी कॅप्टनच, साताऱ्याला रेसिडेंट (कंपनीचा प्रतिनिधी) होता, 1826 ला मराठ्यांचा इतिहास तीन खंडात काढला. कागद भरपूर जमवले पण नजर कंपनी सरकारची, आणि पुढे नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांनी त्याच्या इतिहासावर टीका लिहिली तीही सोबत द्या म्हणजे फौजी शिस्तीने लिहिलं की खरंच असतं हा भ्रम जातो. मग एक दिवस नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्यावर न्या. मुघलांचा वेढा किती वर्षं चालला ते दहा लोकांना विचारा, दहा आकडे येतील. मामा आकड्यात पडलेच नाहीत, वर उभं राहून म्हणाले आधी सांग तोफ चढवणार कुठून. हा प्रश्न आपल्याला सुचला नसता, फौजी माणसाने इतिहास लिहायचा तो यासाठीच.

आणि एक, नोकरीतले गोपनीय कागद किंवा तपशील पुस्तकात नकोत. 1923 चा गोपनीयता कायदा पेन्शनवाल्यांनाही लागू आहे. संरक्षण मंत्रालयाच्या 2021 च्या धोरणात रेकॉर्ड साधारण 25 वर्षांत खुलं करायचं म्हटलंय, पण ते ठरवणार सरकार, मामा नाही.