परदेशात कृषी विकासात मास्टर्स करायचंय? अर्जाआधी या चुका टाळा

एसओपीचं (‘मला हे का शिकायचंय’ सांगणाऱ्या, अर्जासोबतच्या निवेदनाचं) पहिलं वाक्य ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ असं असेल, तर ते आत्ताच खोडा. डेन्मार्कच्या कोपनहेगन, नेदरलँड्सच्या वागेनिंगन किंवा जर्मनीच्या होहेनहाइम विद्यापीठात अर्ज वाचणाऱ्यांना ते माहीत आहे. पण हे वाक्य येतं कुठून? आधी देश ठरतो, मग फी, मग तिथे ओळखीचं कोण आहे ते. ‘मला नेमकं काय अभ्यासायचंय’ हा प्रश्न उरतो अर्जाच्या आदल्या रात्रीसाठी. खालच्या बऱ्याचशा चुका या उलट्या क्रमातूनच होतात.

अ‍ॅग्री केलंय, मग हाही अ‍ॅग्रीच

कृषी विकासाच्या अभ्यासक्रमात पीक आणि माती असते, पण त्यासोबत जमिनीचे हक्क, पतपुरवठा, बाजार, विस्तार शिक्षण, धोरण आणि घरातल्या कामाची स्त्री-पुरुषांमधली वाटणीही असते. उदाहरणं बरीचशी आफ्रिका आणि आग्नेय आशियातली. दापोली किंवा राहुरीहून बीएस्सी अ‍ॅग्री केलेल्या ज्या मुलीला वाण-पैदाशीत रस आहे, ती इथे दुसऱ्या सत्रात कंटाळेल. उलट मुंबईतून अर्थशास्त्रात बीए केलेल्याला हा विषय आवडेल, पण काही ठिकाणी जीवशास्त्र, मृदाशास्त्र अशा विषयांचे ठरावीक क्रेडिट नसतील तर अर्ज पहिल्याच चाळणीत बाद होतो. म्हणून माहितीपत्रकावरच्या हिरव्या फोटोंकडे बघू नका, प्रत्येक सत्रातल्या विषयांची यादी वाचा. जर्मनीतल्याच गॉटिंगेनचा शाश्वत आंतरराष्ट्रीय शेतीचा अभ्यासक्रम, होहेनहाइमचा उष्ण कटिबंधातल्या शेतीचा आणि बेल्जियमच्या गेंटचा ग्रामीण विकासाचा, हे तिन्ही शेजारी ठेवून पाहिले तरी फरक कळतो.

‘आम्ही मुंबईचे, आम्हाला कुठली शेती?’

ही सबब मला अजिबात पटत नाही. वाशीची एपीएमसी तुमच्या दारात आहे. नाबार्डचं मुख्यालय बीकेसीत, कापूस तंत्रज्ञानाची सिरकॉट माटुंग्याला, मत्स्य शिक्षणाची सीआयएफई वर्सोव्याला. पश्चिम रेल्वेची लोकल थेट डहाणूपर्यंत जाते, म्हणजे चिकूच्या बागा आणि आदिवासींची भातखाचरं एका तिकिटावर.

एसओपीला बळ येतं ते अशा ठिकाणी पडलेल्या प्रश्नातून. २०१६ मध्ये महाराष्ट्रात फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला आणि आडत (अडत्याचं कमिशन) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरली. मग जुन्नरच्या शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या पट्टीत (विक्रीच्या हिशेबाच्या पावतीत) प्रत्यक्ष काय बदललं? हमाली, तोलाई, वाहतूक वजा जाता त्याच्याकडे किती उरतं? हे पहाटे बाजारात उभं राहून, चार गाळ्यांवर विचारून, दहा-बारा पट्ट्या बघून लिहिलेला परिच्छेद गुगलवरून गोळा केलेल्या दोन पानांना भारी पडतो. उत्तर सापडलं नाही तरी चालतं. किंबहुना ‘हे शोधायला मला ही पद्धत शिकायची आहे’ असं म्हणता येतं, आणि एसओपीत नेमकं तेच हवं असतं.

अ‍ॅग्रीची मुलं याहून मोठी चूक करतात. ‘रावे (पदवीतला गावात राहून करायचा कार्यानुभव) पूर्ण केलं’ एवढ्या एका ओळीत सगळं गुंडाळतात. अरे, तुम्ही गावात राहिलात! ठिबकचं अनुदान कोणी घेतलं, कोणी नाही घेतलं, आणि न घेणाऱ्याने कारण काय सांगितलं, ते लिहा ना.

जर्मनी फुकट, ही अर्धी बातमी

होहेनहाइम स्टुटगार्टमध्ये आहे, आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो फी लागते. गॉटिंगेन दुसऱ्या राज्यात येतं, तिथे ही फी नाही. राहण्या-खाण्याची तरतूद दाखवण्यासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात (२०२४ च्या सप्टेंबरपासूनचा आकडा, तो बदलत असतो, भरण्याआधी बघा). शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला) लागतं. ते प्रवेश मिळाल्यावर बघू म्हणणारे अडकतात.

कर्जाचं दुखणं वेगळं. ‘गावाला चार एकर आहे, तारण ठेवू’ असं वडील निर्धास्तपणे म्हणतात. पण थकीत कर्जाच्या वसुलीसाठीच्या सरफेसी कायद्याखाली बँकेला शेतजमिनीवर जप्ती आणता येत नाही, त्यामुळे शैक्षणिक कर्जाला सातबारा सहसा चालत नाही. लालबाग-परळकडची पागडीची खोलीही तारण म्हणून बँका सहसा घेत नाहीत. त्यात शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून आयकर विवरणपत्रं कधी भरलेलीच नसतात. यावर उपाय तीन: पगारदार मामा-आत्यांपैकी कोणाला सहकर्जदार करणं, नोंदणीकृत करारनामा आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट असलेला फ्लॅट तारण देणं, किंवा निवडक विद्यापीठांसाठी विनातारण कर्ज देणारी बँक गाठणं. पीएम विद्यालक्ष्मी योजनेच्या भरवशावर राहू नका, ती भारतातल्या संस्थांसाठी आहे.

शिष्यवृत्त्यांत दोन घोळ कायम होतात. डाड या जर्मन संस्थेची विकासविषयक अभ्यासक्रमांची शिष्यवृत्ती आणि ब्रिटन सरकारची चेव्हनिंग, दोन्हींना किमान २ वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, आणि पदवीचा भाग असलेलं रावे डाडकडे त्यात धरलं जाईल असं समजू नका. अंतिम वर्षातच अर्ज करणाऱ्यांचे कष्ट वाया जातात. दुसरा घोळ असा की मुंबईच्याच जे. एन. टाटा एंडोमेंटची मदत ही कर्ज शिष्यवृत्ती आहे, पैसे फेडायचे असतात. अनुसूचित जातीतल्या विद्यार्थ्यांनी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज, दोन्ही बघाव्यात. केंद्राच्या योजनेत भटके-विमुक्त आणि भूमिहीन शेतमजुरांची मुलंही येतात, हे गावाकडे फार थोड्यांना माहीत असतं.

कागदपत्रांतले नेहमीचे लोचे

*नाव.* गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तुमचं, मग वडिलांचं आणि शेवटी आईचं. पासपोर्टवर क्रम निराळा. क्रम निराळा असल्याने सहसा बिघडत नाही, स्पेलिंगने बिघडतं. आयईएलटीएसची नोंदणी पासपोर्टवरच्या नावानेच करा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र आणि विवाह प्रमाणपत्र जोडा.

*गुण.* ओजीपीए (पदवीची एकूण सरासरी श्रेणी) स्वतः दहाने किंवा साडेनऊने गुणून टक्के लिहू नका. अर्जात मूळ श्रेणी आणि कमाल श्रेणी लिहा. टक्के मागितलेच तर विद्यापीठाचं अधिकृत सूत्र वापरा.

*शिफारसपत्र.* सर जीमेल वापरतात, आणि परदेशी विद्यापीठ संस्थेचाच ईमेल मागतं. ही अडचण इतकी साधी आहे की शेवटच्या दिवसापर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. सरांना महिनाभर आधी विचारा, आणि त्यांना तुमचा एसओपी द्या, नाहीतर ‘अभ्यासू आणि होतकरू विद्यार्थी’ एवढंच लिहून येईल.

*वेळ.* सप्टेंबरच्या प्रवेशासाठी कोपनहेगनची युरोपबाहेरच्यांसाठी मुदत १५ जानेवारीला संपते, स्वीडनचीही जानेवारीच्या मध्यावर. ट्रान्सक्रिप्टसाठी (सर्व सत्रांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी) मुंबई विद्यापीठाच्या कलिनाला जायचं असो की खेडला उतरून दापोलीच्या कृषी विद्यापीठात, गणपतीतच सुरुवात करा. दिवाळीच्या सुट्टीत विद्यापीठाची खिडकी बंद आणि ख्रिसमसला तिकडचे ईमेल बंद.

एजंटकडे जाण्यात पाप नाही, पण त्याच्या यादीत कमिशन देणारीच विद्यापीठं असण्याची शक्यता जास्त. या विषयातली बरीच चांगली विद्यापीठं सरकारी आहेत आणि अर्ज थेट त्यांच्याच पोर्टलवर भरता येतो.

परतून कृषी विद्यापीठात नोकरी करायची असेल तर आधी जाहिराती वाचा. त्यात कृषिविद्या, विस्तार शिक्षण, कृषी अर्थशास्त्र अशी नेमकी विषयनामं असतात, आणि परदेशी पदवीची समकक्षताही दाखवावी लागते. त्यासाठी यूजीसीने २०२५ मध्ये नवे नियम आणले आहेत.

आणि नकार आलाच, तर पत्रातलं कारण वाचा. ‘पूर्वअट पूर्ण नाही’ असं असेल तर तोच अर्ज पुढच्या वर्षी पाठवून उपयोग नाही; कोणते क्रेडिट कमी पडले ते प्रवेश कार्यालयाला ईमेलने विचारा. ‘जागा भरल्या’ असं असेल तर एसओपी आणि अनुभव सुधारून पुन्हा भरा.