जात्यावरची ओवी ऐकायची कशी

ओवी पहिल्यांदा ऐकताना कागद समोर ठेवू नका. शब्द नाही कळले तरी चालेल, आधी जातं ऐका. खुंटा अंगाकडे ओढताना घरघर वाढते, पलीकडे गेला की सैल पडते. बाईचा श्वास त्या फेऱ्याला बांधलेला असतो. एखाद्या शब्दाच्या मधेच आवाज तुटला तर ती चूक समजू नका.

ऐकायला हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांच्या कामाकडे जा. १९८०च्या दशकापासून गावोगावच्या बायकांकडून ओव्या जमवल्या गेल्या, १ लाखाहून जास्त. पारी, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी आवाजासकट आहेत. मी प्रत्येकाला परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या सीतेच्या ओव्या आधी ऐकायला सांगते. त्या आवाजात वेदना आहे, आणि ती कुठेही सजवलेली नाही.

दुसऱ्यांदा ऐकताना मात्र ओवी लिहून घ्या आणि हातात पेन्सिल ठेवा. कागदावर दोनच ओळी असतात, गाताना त्यांचं केवढं तरी होतं. ‘माझा बंधू’ एवढंच लिहिलेलं असेल तर गळ्यातून ‘माझा गं बाई, बंधू माझा’ येतं. हे ‘गं बाई’, ‘सांगते बाई तुला’ जिथे जिथे येतं तिथे खूण करा. मी बरीच वर्षं त्याला नुसती भर समजत होते. जुन्नरकडच्या माझ्या आत्याला एकदा विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “तेवढ्यात पुढचं आठवतं गं. आणि समोरचीला कळतं, आता तिनं धरायचं.” जात्यावर समोरासमोर दोघी बसतात, एकीची ओळ दुसरी उचलते. ती उचलण्याची जागा सापडली की दोन गळे वेगवेगळे ऐकू यायला लागतात. एकीचा बारीक आणि पुढे धावणारा, दुसरीचा जड, मागून आधार देणारा.

तिसऱ्यांदा एकच शब्द धरा. अर्थ बाई तिथेच सांगते. आत्या ‘बंधू’ हा शब्द नेहमी लांबवायची, जणू तो वेशीवरून येताना दिसतोय. माझे वडील गेले त्या वर्षी दिवाळीत तिनं तीच ओवी म्हटली. चाल तीच, शब्द तेच. ‘बंधू’ मात्र तिनं आखडून घेतला आणि लगेच पुढच्या शब्दावर गेली. तेव्हापासून कुठल्याही बाईची भावाची ओवी ऐकली की मी आधी तो शब्द किती टिकतो ते बघते.

घरात कुणी म्हातारी गाणारी असेल तर तिला ‘गाऊन दाखव’ म्हणू नका, आठवत नाही म्हणेल. मूठभर ज्वारी घेऊन तिला जात्यापाशी बसवा. जातं नसेल तर निवडायला सूप द्या, हात चालायला लागले की शब्द येतात. फोन जात्याजवळ ठेवू नका, घरघरीत आवाज बुडतो. तिच्या खांद्यामागे, फळीवर ठेवा. आणि मधे बोलू नका. ओवी संपल्यावर ती थोडा वेळ नुसतं दळत राहते, तेही रेकॉर्ड होऊ द्या. पुढची ओवी बहुतेक तिथूनच येते.