डिस्टोपियन कथेतलं प्रतीक कसं अभ्यासावं: 'द पेडेस्ट्रियन' हाताशी धरून

डिस्टोपियन कथा, म्हणजे बिघडलेल्या, जाचक समाजाचं कल्पित चित्र रंगवणारी कथा, अभ्यासाला घेतली की पहिली घाई होते ती प्रतीकांची यादी करायची. प्रकाश म्हणजे हे, थडगं म्हणजे ते. अशी यादी पाठ करायला सोपी, पण तिच्या नादात कथाच हातातून निसटते. एखादी गोष्ट कशाचं प्रतीक आहे हे ठरवण्याआधी ती कुठे कुठे येते आणि दर वेळी काय करते, हे पाहायचं. सरावासाठी अमेरिकन लेखक रे ब्रॅडबरी यांची १९५१ मधली 'द पेडेस्ट्रियन' (पादचारी) घ्या. काही पानांचीच कथा आहे, एका बैठकीत तीनदा वाचून होते.

पहिलं वाचन पेन बाजूला ठेवून. मग कथानक दोन-तीन वाक्यांत लिहून काढा: साल २०५३, नोव्हेंबरची रात्र. सगळं शहर घरात टीव्हीसमोर आणि लेनर्ड मीड एकटाच रस्त्यावर चालतोय. पोलिसांची गाडी त्याला अडवते, प्रश्न विचारते आणि मानसोपचार केंद्राकडे घेऊन जाते.

दुसऱ्या वाचनातही प्रतीकांच्या मागे लागू नका. आधी त्या जगाचे नियम काढा. वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढा. डावीकडे तिथे कुणालाच न खटकणाऱ्या गोष्टी लिहा: पदपथ गवताने उचकटलेला आहे, गुन्हेगारी ओसरली म्हणून पोलिसांच्या तीन गाड्यांची एकच उरली आहे, पुस्तकं आणि मासिकं विकली जात नाहीत. उजवीकडे संशय ओढवून घेणाऱ्या गोष्टी येतील: नुसतं चालणं, घरात टीव्ही नसणं, लग्न झालेलं नसणं. मीड लेखक असल्याचं सांगतो, तेव्हा गाडी 'व्यवसाय नाही' अशी नोंद करते, हेही इथेच. आता उजवी बाजू पुन्हा वाचा. त्याने कुठला कायदा मोडला, हे कथेत कुठेही सांगितलेलं नाही. आशयसूत्र, म्हणजे कथेला मुळात काय म्हणायचं आहे ते, या रिकाम्या जागेतच सापडतं.

ते पूर्ण वाक्यात लिहा. 'तंत्रज्ञानाचे दुष्परिणाम' हा नुसता विषय झाला. 'सगळे एकाच साच्यात राहू लागले की कायदा न मोडताही माणूस गुन्हेगार ठरतो' हे आशयसूत्र. त्याच्याशी कुणी वाद घालू शकतो आणि कथेतून त्याला पुरावा देता येतो. निदान तीन ठिकाणं दाखवता आली नाहीत, तर वाक्य बदला.

तिसऱ्या वाचनाला रंगीत पेन्सिल घ्या आणि एकच प्रतिमा धरा. इथे प्रकाश धरा, कारण खरी गंमत त्यात आहे. घराघरांतला टीव्हीचा उजेड लोकांच्या चेहऱ्यांवर पडतो, पण त्यांना स्पर्श करत नाही. पोलिसांच्या गाडीचा झोत मीडला जागच्या जागी खिळवून टाकतो. तो आधी दिपलेल्या पतंगासारखा आणि पुढे संग्रहालयात टाचलेल्या नमुन्यासारखा दिसतो. इथवर 'प्रकाश म्हणजे सत्ता' हे समीकरण छान जमतं आणि बहुतेक जण इथेच थांबतात. पण शेवटाकडे गाडी मीडच्या घरावरून जाते. साऱ्या अंधाऱ्या घरांत त्या एकाच घराच्या खिडक्या पिवळ्या, उबदार उजेडाने भरलेल्या आहेत. समीकरण मोडलं. म्हणजे प्रश्न उजेड आहे की अंधार हा नाही. उजेड कुणाचा आणि तो माणसाचं काय करतो, हा आहे. प्रतिमेची शेवटची नोंद पहिल्या नोंदींना छेद देते का, हे म्हणूनच नेहमी तपासावं.

थडग्यांची प्रतिमा तुलनेने सरळ आहे: रात्रीची घरं स्मशानासारखी भासतात, आत जिवंत माणसं असूनही. तिच्यावर दोन ओळी पुरेत. गाडीची पुढची सीट रिकामी असते, त्यावर मात्र थांबा. 'यंत्र दुष्ट आहे' असं लिहून मोकळं होऊ नका. तिथे माणूस नाही, म्हणून मीडने सांगितलेली कारणं, म्हणजे हवा खायला, बघायला, नुसतं चालायला, समजून घेणारंही कुणी नाही.

काळाचा संदर्भ द्या, पण मोजका. अमेरिकेत १९५० मध्ये जेमतेम ९ टक्के घरांत टीव्ही होता आणि १९६० पर्यंत तो बहुतेक घरांत पोचला. त्या बदलाच्या तोंडावर ही कथा लिहिली गेली, एवढं सांगितलं की झालं. 'लेखकाचं भाकीत किती खरं ठरलं' या वाटेने गेलात, तर उत्तर कथेबद्दल राहत नाही, मोबाइलबद्दल होतं.

लिहिताना एका प्रतिमेला दीडशे-दोनशे शब्दांचा एक परिच्छेद द्या. आधी तुमचं म्हणणं, मग कथेतली दोन ठिकाणं, आणि त्यानंतर तुमच्या म्हणण्याला अडचणीत आणणारं एक ठिकाण. हे तिसरं ठिकाण वगळायचा मोह होतो. पण परिच्छेदात सर्वांत जास्त शब्द त्यालाच द्या.