बाबांच्या चष्म्यासाठी जुन्या जीन्सची पिशवी

जीन्सच्या पायाचा खालचा भाग कापा: दुमडीपासून वर १९ सेंमी. ही तयार दुमड म्हणजे पिशवीचं तोंड, त्यामुळे काठ शिवायचं कामच वाचतं. बाहेरच्या शिवणीपासून ११ सेंमी रुंदी ठेवून उरलेलं कापड काढून टाका. जाड थरांवर कात्री मोठ्यांनीच चालवावी. कापड उलटं करून तळ आणि उघडी बाजू १ सेंमी आत शिवा. इथे धावदोरा (पुढेपुढे जाणारे साधे टाके) नको, उलटी टीप (प्रत्येक टाक्याला थोडं मागे येऊन पुढे जाणारी शिवण) घाला आणि दोरा दुहेरी घ्या. धावदोऱ्याचा एक टाका तुटला की शिवण सरकत उसवत जाते. फेव्हिकॉलने चिकटवलेली पिशवी तर पहिल्याच धुण्यात सुटते.

अस्तर मात्र हवंच. जीन्सचं कापड खरखरीत असतं, त्यात अडकलेल्या धुळीने काचांवर ओरखडे उठतात. प्लॅस्टिकच्या काचांवर जास्तच. जुना मऊ सुती टी-शर्ट धुऊन घ्या, त्याची त्याच मापाची, अर्धा सेंमी अरुंद पिशवी शिवा. जीन्सची पिशवी सुलट करून अस्तर न उलटवता आत सरकवा आणि तोंडाशी टाके घाला. बाबांचा चष्मा मोठ्या फ्रेमचा असेल तर रुंदी १२ सेंमी घ्या. साधारण नऊ-दहा वर्षांच्या मुलांना हे जमतं. लहानांनी बाहेरून बटण लावावं.