खर्चाला लगाम घालणारा कायदा येतोय? सूचना पाठवताना या चुका टाळा

तुटीचा कायदा, म्हणजे सरकारचा खर्च उत्पन्नापेक्षा किती जास्त चालेल ते ठरवणारा कायदा. त्याच्या मसुद्यावर सूचना मागवल्या की सगळ्यांना एकच सुचतं, "तूट जीडीपीच्या 3 टक्क्यांच्या वर नको, बास." अरे पण तुटीत काय काय धरायचं ते कोण लिहिणार? आपला 2003 चा एफआरबीएम, म्हणजे केंद्राची तूट आणि कर्ज आवरायचा कायदा घ्या. 2007-08 मध्ये केंद्राची तूट अडीच टक्क्यांवर आली म्हणून कौतुक झालं, पण त्याच काळात तेल कंपन्यांना सबसिडी रोख न देता रोखे दिले जात होते आणि ते तुटीत धरलेच नव्हते. पुढे अन्न महामंडळाचंही तेच, सबसिडीऐवजी अल्पबचत निधीतून कर्ज, ते 2021 च्या बजेटमध्ये एकदाचं हिशोबात आलं. म्हणून मी टक्का नंतर बघतो, आधी व्याख्यांचं कलम उघडतो आणि महामंडळांची कर्जं, सरकारी हमी, थकलेली बिलं यातलं काय बाहेर राहिलंय ते वहीत उतरवतो. कंटाळा येतो, पण खरी गंमत तिथेच लपवलेली असते.

दुसरी चूक, कॉपी-पेस्ट. एका मसुद्याच्या वेळी आमच्या ग्रुपवर 'उधळपट्टी थांबवा' असा मेसेज बनला आणि शे-दीडशे जणांनी तोच जसाच्या तसा ईमेल केला, मीही केला, खोटं कशाला बोलू. नंतर आलेल्या सूचना आणि त्यांवरचे सरकारी शेरे यांचा तक्ता आला त्यात आमची सगळ्यांची मिळून एक ओळ, 'समान आशयाच्या सूचना', शेरा 'नोंद घेतली'. आणि खाली एका रिटायर्ड हिशोबनीसांची सूचना, अमुक कलमातला 'शक्यतो' काढा. एवढंच. तो शब्द निघाला! तेव्हापासून माझं ठरलंय, कलम नंबर, आहे ते वाक्य, हवं ते वाक्य आणि दोन ओळी कारण. फॉरवर्ड करून कायदे सुधारत नाहीत, पण घाईतल्या नव्या मंडळींना हे सांगून मी दमलो.

मुदतीच्या शेवटच्या रात्री बसू नका. केंद्राच्या 2014 च्या धोरणात मसुदा किमान 30 दिवस लोकांपुढे ठेवा असं आहे, पण ते धोरण आहे, कायदा नाही, म्हणून दिवस कमी दिले तर पहिली सूचना त्याचीच करा.

'तुटीच्या मर्यादेतून सूट अजिबात नको' हेही नको. 2020-21 ला तूट 9 टक्क्यांपुढे गेली, कोरोनात दुसरं काय करणार होते? सूट कोण देणार, किती, आणि परत खाली कधी येणार, ते विचारा.

पुरवणी मागण्यांवर, म्हणजे बजेटनंतर वर्षाच्या मध्येच मागितल्या जाणाऱ्या जादा खर्चावर, मर्यादा मागायला सगळेच विसरतात.

आणि 'तूट वाढली तर अर्थमंत्र्यांना तुरुंगात टाका' हे प्लीज लिहू नका, दर वेळी कुणीतरी लिहितंच.