लिथियम चालू असताना: पाणी, मीठ आणि अंगदुखीची गोळी

बायपोलर या मनाच्या आजारासाठी लिथियम सुरू झालं की घरातल्या सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे असतं: गोळी वेळेवर घेतली का? ते हवंच. पण रोज तेवढीच गोळी घेऊनही रक्तातलं लिथियम वाढू शकतं.

लिथियम हा क्षार आहे, आणि मूत्रपिंड त्याला मिठातल्या सोडियमसारखंच वागवतं. अंगातलं पाणी किंवा मीठ कमी झालं की ते सोडियम धरून ठेवतं आणि त्यासोबत लिथियमही अडकून राहतं. उपयोग आणि अपाय यांत अंतर थोडं आहे. लिटरमागे साधारण ०.६ ते १.० मिलीइक्विव्हॅलंट ही कामाची पातळी (वयस्कर माणसांत डॉक्टर ती कमीच ठेवतात), १.५ च्या पुढे बहुधा विषबाधेची लक्षणं दिसू लागतात. कधीकधी तर त्याआधीच.

म्हणून लेव्हल नीट तपासली जाणं महत्त्वाचं. शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त द्यायचं. रात्री ९ ला गोळी घेतली असेल तर सकाळी ९ ला लॅबमध्ये, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. गोळी घेऊन दोन तासांत रक्त दिलं तर आकडा फुगलेला येतो आणि डोस विनाकारण कमी होतो. एक चूक लॅबमध्येही होते: हिरव्या टोपणाच्या काही नळ्यांत लिथियम हेपॅरिन असतं, त्यामुळे रिपोर्टमध्ये खोटंच जास्त लिथियम दिसतं. ‘लिथियमची टेस्ट आहे, हिरवी नळी नको’ एवढं सांगायला लाजू नका. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर ५ ते ७ दिवसांनी, घडी बसल्यावर दर ३ ते ६ महिन्यांनी लेव्हल, आणि ६ महिन्यांतून एकदा मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, थायरॉइडची टीएसएच व कॅल्शियम.

आता घरातलं. लिथियमवर तहान जास्त लागते, लघवीही जास्त होते. त्यामुळे पाणी तोडायचं नाही. मे महिन्यात, शेतात किंवा उन्हात काम असेल तर बाटली जवळ हवीच. मीठ रोजच्याइतकंच ठेवा. बीपीसाठी म्हणून अचानक अळणी जेवायला लागलं की लेव्हल चढते. निर्जळी उपवास, मग हरतालिका असो की रोजा, लिथियमवर असलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. घरच्या मोठ्यांना हे सणाच्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी सांगा. आणि व्रत म्हणून चहा एकदम सोडू नका: चहा-कॉफीतल्या कॅफीनमुळे लिथियम लघवीवाटे जास्त जातं, ते थांबलं की लेव्हल वर येते.

मोठा घात होतो तो अंगदुखीच्या गोळीने. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन यांनी लिथियम वाढतं. मेडिकलमध्ये ‘कंबरदुखीचं काहीतरी द्या’ म्हटलं की बहुधा यातलंच हातात पडतं, कधी पॅरासिटामॉलसोबत एकाच गोळीत. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा; नुसतं पॅरासिटामॉल चालतं. बीपीच्या टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, हायड्रोक्लोरोथायझाइड या गोळ्यांचंही तेच. त्या कधीच चालत नाहीत असं नाही, पण सुरू करणाऱ्या डॉक्टरला लिथियमची माहिती हवी आणि लेव्हल लगेच तपासायला हवी.

हातांची बारीक थरथर लिथियमवर अनेकांना असते. चहाच्या कपात हलकी लाट उठते, सुईत दोरा ओवताना वेळ लागतो. ही डॉक्टरांच्या कानावर घाला, पण घाबरू नका. थरथर जाड झाली, कप ओठांपर्यंत नेताना सांडू लागला, शर्टाचं बटण लागेना, बोलणं जड झालं, चालताना तोल जाऊ लागला, गुंगी किंवा गोंधळ दिसला, तर पुढची गोळी देऊ नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. उद्यावर ढकलू नका. उलट्या-जुलाब लागले तरी गोळी थांबवून डॉक्टरांना फोन करायचा, तोवर ओआरएस घोटघोट. फरक लक्षात यावा म्हणून वहीत रोज एक ओळ आणि सही करायची सवय चांगली. आठ दिवसांपूर्वीची सही शेजारी ठेवली की हात किती बदलला ते दिसतं.

एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका. बरं वाटतंय म्हणून एकदम बंदही करू नका. लिथियम झटक्यात सोडल्यावर आजार उलटण्याचा धोका फार मोठा असतो. मूल हवं असेल तर त्याची तयारी करायच्या आधीच डॉक्टरांशी बोला.

त्याच वहीत झोपेचे तासही लिहा. लागोपाठ दोन रात्री तीन-चार तासच झोप आणि तरी थकवा नाही, हा मेनियाचा (अतिउत्साहाच्या झटक्याचा) अगदी सुरुवातीचा इशारा असू शकतो. लेव्हल योग्य असतानाही हे होतं. तेव्हा घरच्यांनी वाद न घालता डॉक्टरांची वेळ घ्यावी.

पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: ‘लिथियम चालू आहे’, डोस, शेवटची लेव्हल आणि तारीख, डॉक्टरांचा नंबर. खाली १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबरही लिहून ठेवा. तो चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.